माहेरासकट विकणे आहे

सोलापूर जिल्ह्यात डोंगर आहेत असं मी सांगते तेव्हा साताऱ्याकडची माणसं तोंडाला रुमाल लावून हसतात. हसोत बापडी. बार्शीच्या पुढे बालाघाटाचे जे काही उतार येतात त्यांना आम्ही डोंगरच म्हणतो, आणि तसल्या दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात आमचं गाव आहे. गेली काही वर्षं या गावात एकच पीक जोमाने येतंय, ते म्हणजे पाट्यांचं. 'घर विकणे आहे', 'जमीन विकणे आहे', 'डोंगरालगत प्लॉट, त्वरित संपर्क साधा'. बाभळीला पाटी, विजेच्या खांबाला पाटी, मारुतीच्या पाराला पाटी. एकाने तर जमीन विकून झाली तरी पाटी काढलेली नाही. म्हणतो, राहू द्या, रस्ता भरलेला दिसतो.

त्यात एक पाटी आमचीही होती. आई-वडील गेले, मी सोलापुरात शाळामास्तरीण, थोरला भाऊ बार्शीत दुकान सांभाळणारा. गावात उरली होती ओढ्याकाठची थोडी जमीन आणि तिच्यातलं दोन खणांचं माळवदाचं घर. दर पावसाळ्यात त्या माळवदावर माती टाकायची कुणी, यावरून दादाचं आणि माझं फोनवर भांडण व्हायचं आणि माती कुणीच टाकायचं नाही. शेवटी मीच म्हटलं, विकून टाकू. दादाने पाटी रंगवून घेतली, तिच्यावर 'बारमाही ओढ्याकाठी' असं लिहिलं. आमचा ओढा दिवाळीपर्यंत वाहतो, पुढे त्यात पोरं क्रिकेट खेळतात. मी ते खोडायला लावलं तर म्हणाला, "अगं, सगळेच लिहितात. आपणच नाही लिहिलं तर लोकांना संशय येईल."

गिऱ्हाइकं येऊ लागली. पहिल्याने होकायंत्र आणलं होतं. शेताच्या मधोमध उभं राहून त्याने सांगितलं की डोंगर नैर्ऋत्येला असता तर त्याने डोळे झाकून जमीन घेतली असती. आता डोंगर काही आम्ही सरकवणार नव्हतो. दुसरा बायकोला घेऊन आला, माळवदावर चढून तिचे निरनिराळ्या चष्म्यांत फोटो काढले, आमच्या झाडाचे पेरू खाल्ले आणि गेला. पुढे ते फोटो फिरत फिरत माझ्याच मोबाईलवर आले, खाली 'आमचं गावाकडचं घर' असं लिहून.

मग आले दातांचे डॉक्टर. मूळचे खानदेशातले, दवाखाना सोलापुरात आणि मन म्हणे निसर्गात. वडिलांच्या नावावरच्या कुठल्याशा तुकड्यामुळे कागदोपत्री ते शेतकरी होते, पण शाळू आणि बाजरीतला फरक त्यांना कणसं हातात देऊनही सांगता आला नसता. माणूस मात्र सज्जन. घासाघीस केली नाही, दिशा विचारली नाही, ओढ्याचीही चौकशी केली नाही. हे गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नाही, असं मी दादाला बजावलं.

अडचण एकच होती. सातबाऱ्यावर आमच्याबरोबर आत्याचं नाव होतं.

आत्या म्हणजे आमच्या वडिलांची बहीण. तिला दिली अकलूजकडे. तिकडे काय कमी आहे? कालवा आहे, ऊस आहे, दुधाची गाडी दारात येते, मुलगा-सून मानाने वागवतात. फक्त त्या भागात येळवस नाही. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला अख्खा गाव शेतात जातो. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोपी बांधतात, आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात, त्यांची पूजा करतात, पिकावर आंबील शिंपडतात आणि पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, खीर यांवर आडवा हात मारतात. त्या दिवशी शिवारात कुणीही कुणाच्याही शेतात जाऊन जेवावं. कुणाला नाही म्हणायचं नसतं. अकलूजला त्या दिवसांत उसाला तोड आलेली असते, कुणाला मान वर करायला फुरसत नाही. आत्याने एकदा सुनेला येळवस समजावून सांगायचा प्रयत्न केला, तर सून म्हणाली, "म्हणजे पार्टी की आत्याबाई." तेव्हापासून आत्याने तिकडे तो विषयच काढला नाही.

पण लग्न झाल्यापासून तिची एकही येळवस माहेराविना गेली नव्हती. आजोबा असताना आली, माझे वडील असताना आली, नवरा वारला त्या वर्षीही आली. आई-वडिलांच्या माघारी आमच्या घराला कुलूप लागलं, तरी ती आदल्या दिवशी बार्शीला दादाकडे उतरायची, पहाटे स्वयंपाक करायची, गाठोडं घेऊन जीपने गावाला जायची आणि त्या शेतात दिवसभर बसून यायची. बाकी तीनशेचौसष्ट दिवस ती सासरची होती. तो एक दिवस तिचा होता, आणि आता आम्ही तोच विकायला काढला होता. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण गळकं माळवद मला जास्त कळत होतं.

सहीला ती लगेच तयार झाली. अट एकच, आधी जमिनीवर जायचं आणि गिऱ्हाईक डोळ्यांनी बघायचं. नोंदणीच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे शेतात उभे राहिलो. डॉक्टर आले होते, त्यांची बायकोही आली होती. आत्याने डॉक्टरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ह्ये घेणार व्हय तुमी?"

"हो, आजी."

"मग आमी कुटं यायाचं?"

असं म्हणून तिने डोळ्यांना पदर लावला. डॉक्टर गडबडले. दुखणारी दाढ समोर आली की ते शांत असतात म्हणे, पण रडणारी म्हातारी त्यांच्या शिक्षणात नव्हती. ते म्हणाले, "आजी, असं काय बोलता? जमीन तुमचीच आहे. कागदावर फक्त माझं नाव लागणार. तुम्ही कधीही या."

हे वाक्य आपण सगळेच बोलतो. नवा फ्लॅट दाखवताना बोलतो, गाडी घेतल्यावर बोलतो, बसमध्ये ओळख झालेल्या माणसाला उतरताना बोलतो. ऐकणाऱ्याने 'हो हो, येऊ की' म्हणायचं आणि दोघांनी विसरून जायचं, अशी त्याची रीत आहे. आत्यालाही ती ठाऊक होती. पण जमिनीत उभं राहून माणूस जमिनीविषयी पोकळ बोलेल, हे तिच्या हिशेबात बसत नव्हतं. तिने डोळे पुसले.

"मग येळवशीला येते."

"या की! अवश्य या!" डॉक्टर म्हणाले, आणि गाडीकडे जाताना मला हळूच विचारलं, "येळवस म्हणजे काय हो?"

"असतो एक सण," मी म्हटलं. व्यवहार व्हायच्या आत त्यांना सणवार समजावत बसायची माझी इच्छा नव्हती.

निबंधकाच्या कचेरीत आत्याचा अंगठा यंत्रावर उमटेना. कारकुनाने तो तीनतीनदा पुसला, यंत्र पुसलं, पुन्हा दाबला. दादाला घाम फुटला. आत्या यंत्राकडे बघून म्हणाली, "माजा अंगठा सुदिक नगं म्हणतुया बग." अखेर एकदाचा उमटला. बाहेर आल्यावर तिने डॉक्टरांना "येते दादा" म्हटलं, आणि त्यांच्या बायकोच्या हाताला हात लावून "येते वैनी" म्हटलं. ती बाई आत्यापेक्षा तीस-पस्तीस वर्षांनी लहान असेल. ती गोड हसली. डॉक्टरही हसले. त्यांना वाटलं म्हातारीची बोलायची पद्धत असेल. मला मात्र चरकल्यासारखं झालं, कारण आत्या उगाच कुणाला वहिनी म्हणत नाही. ज्याची जमीन तो भाऊ, आणि भावाची बायको ती वहिनी, असा तिने सरळ हिशेब केला होता.

पुढे डॉक्टरांनी जमिनीचं सोनं केलं, म्हणजे निदान त्यांचं तसं मत होतं. माळवद पाडून तिथे काचेच्या भिंतींचं घर उभं केलं. शाळवाच्या जागी हिरवळ आली. हिरवळीच्या कडेने पांढरे रंगवलेले दगड आले, तुऱ्यांचं उंच शोभेचं गवत आलं, मधोमध भली मोठी छत्री आली. दर्शनी बाजूला लोखंडी फाटक, फाटकावर 'व्हॅली व्ह्यू' आणि फाटकाशी वॉचमन. आमच्या गावात दाराला कडी लावणाऱ्यालाही लोक दोन गोष्टी ऐकवतात. फाटक लागल्यापासून गावातलं कुणी तिकडे फिरकलं नाही.

आणि मार्गशीर्ष आला. आत्याचा मला फोन आला, "येळवशीला निघते मी."

"कुठे?"

"कुटं म्हंजी? शेतात."

मी डॉक्टरांना फोन लावला. काय सांगायचं ते मनाशी नीट घोकलं होतं. पण त्यांनी आपण होऊनच सांगितलं की त्याच रविवारी, म्हणजे नेमकं येळवशीच्या दिवशी, त्यांच्याकडे मित्रमंडळी येणार आहेत, सगळे डॉक्टरच, सोलापुराहून केटरर येणार आहे. माझी जीभ रेटेना. मी दाताविषयी काहीतरी विचारून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तर दाढ साफ करून घ्यायची वेळ ठरवून बसले. दाढेला काहीही झालेलं नव्हतं. मग मी आत्यालाच समजवायला घेतलं.

"आत्या, यंदा नको जाऊस. त्यांच्याकडे पाहुणे आहेत."

"पावणे हायत?" ती म्हणाली. "मग लवकरच जाया पायजे. वैनीला एकटीला झेपंल व्हय?"

दादाने बार्शीत घराच्या गच्चीवर बेत करायची तयारी दाखवली. आत्या म्हणाली, "गच्चीवर कुटं येळवस असती? पत्र्याची पूजा करू व्हय?"  दादाची बायको येळवशीसाठी तिच्या माहेरी गेली होती आणि तो चहाही स्वतः करून पीत होता. आत्या आदल्या दिवशी त्याच्याकडे उतरली. मी त्याला ताकीद दिली, मी पोचेपर्यंत तिला घराबाहेर पडू देऊ नकोस. मी सोलापुराहून पोचले तेव्हा दादा दारात बनियनवर उभा होता. आत्याने पहाटे उठून स्वयंपाक केला होता, त्याला उठवू नये म्हणून मिक्सर न लावता हळूच पाट्यावर मिरच्या वाटल्या होत्या, आणि उजाडायच्या जीपने ती निघून गेली होती.

मी गाडी पळवली. सगळी वाट मी दादाला बोलत होते आणि दादा खिडकीबाहेर बघत होता. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र, आत्या फाटकाबाहेर गाठोडं घेऊन बसलेली आहे. वॉचमन तिला हाकलतोय. आणि ती अजूनही आतल्या माणसाला दादा म्हणतेय. मग मी दादाला आणखी बोलले.

फाटकाशी आत्या नव्हती. वॉचमन उठून उभा राहिला.

"इथे एक म्हातारी आली होती का?" मी विचारलं.

"आत सोडली की मॅडम. मी इचारलं, कुणाकडं जायाचं? तर म्हणल्या, माज्या भावाकडं. आता सायबांची बहीण म्हणल्यावर मी कशाला अडवतोय?"

आत गेलो आणि मी दोन्ही हात डोक्याला लावले. आत्याने शोभेचं गवत कापलं होतं. सगळं नाही, पण एक बाजू बोडकी झाली होती. त्याच्या पेंढ्या बांधून त्या मोठ्या छत्रीभोवती उभ्या केल्या होत्या आणि खोप सजली होती. आत हिरवळीच्या कडेचे पाच दगड मांडले होते. आयते रंगवलेले बघून तिला फार बरं वाटलं असणार. दगडांना फुलं वाहिली होती, पुढे नैवेद्य होता. एक हाडांचे डॉक्टर हातात आंबिलीचा तांब्या घेऊन कुंपणाच्या कडेकडेने शिंपडत चालले होते, आणि मागून आत्या सांगत होती, "मोटारीवर नगं हो, पिकावर!" पीक म्हणजे हिरवळ. बाकीचे डॉक्टर हिरवळीवर मांडी घालून भज्जी ओरपत होते. केटररची माणसं पनीरच्या भांड्यापाशी झाकण धरून उभी होती.

डॉक्टरांची बायको माझ्याकडे आली. ओठ घट्ट मिटलेले.

"हे काय आहे?"

"येळवस," मी म्हटलं.

"यांना बोलावलं कुणी?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू नोंदणीचा दिवस उगवला. "मी 'या' म्हणालो होतो," ते म्हणाले. "पण तसं तर आपण सगळ्यांनाच म्हणतो."

तेवढ्यात वॉचमन धावत आला. खोपीतला धूप आणि छत्रीखालची आत्या बांधापलीकडच्या शेतातल्या लोकांना दिसली होती. आत्या आली म्हणजे या शेतात येळवस आहे, आणि येळवस आहे म्हणजे जेवायला जायला हरकत नाही. फाटकापाशी निम्मं गाव उभं होतं, हातात आपापल्या घरच्या भज्जीचे टोप. वॉचमन म्हणाला, "काय करू मॅडम? उघडू का?"

बाईंनी त्याला थांबायला सांगितलं आणि त्या तरातरा आत्याकडे निघाल्या. मी मागोमाग गेले. काय होणार ते मला दिसत होतं. त्या सभ्य शब्दांत सांगणार, ही आता आमची खाजगी जागा आहे. आणि आत्याला ते कळणार. त्यानंतर तिला जायला एकही जागा राहणार नव्हती.

आत्याने त्यांना येताना बघितलं आणि पाट पुढे सरकवला. "या वैनी. कवापासनं बगते, समद्यांना वाढा म्हणताय, तुमी सोता घासभर खाल्लं न्हाय. आदी बसा. पावणे कुटं पळून जात्यात व्हय?"

बाई उभ्याच राहिल्या. मग खाली बसल्या. मला वाटतं त्या दिवशी पहाटेपासून त्यांना 'बसा' म्हणणारं ते पहिलंच माणूस असावं. आत्याने वाढलं. त्यांनी एक उंडा भज्जीत कुस्करला, मग दुसरा, मग कुणाकडेही न बघता वाटी पुढे केली. तिसऱ्या वेळी तोंड भरलेलं असतानाच त्या वॉचमनला म्हणाल्या, "उभा काय राहिलास? उघड ना फाटक."

पुढचं मी सांगायला नको. हिरवळीचं जे व्हायचं ते झालं. आमचा म्हातारा शेजारी हृदयाच्या डॉक्टरांना आंबील एका दमात कशी प्यायची ते शिकवत होता आणि हृदयाचे डॉक्टर ठसकत होते. पनीर शेवटी केटररच्या माणसांनीही खाल्लं नाही. दातांच्या डॉक्टरांना गावाने एकेक करून तोंड उघडून दाखवलं आणि डॉक्टरांनी सणाच्या दिवशी सगळ्यांचे दात बघितले.

उन्हं उतरली तशी आत्याने रिकामी भांडी बांधली. गाडीशी आल्यावर ती म्हणाली, "येते दादा. येते वैनी."

"थांबा," बाई म्हणाल्या आणि पळत घरात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात पुलावासाठी आणलेला बासमती तांदूळ होता, दुसऱ्या हातात एक गुलाबी काटेरी ड्रॅगन फ्रूट, आणि दंडावर एक कोरी ओढणी.

"पदर धरा," त्या आत्याला म्हणाल्या.

आत्या मागे सरली. "माजी न्हाय भरत, वैनी."

नवरा गेलेल्या बाईची ओटी भरायची नाही, असं आमच्यात आहे. आई असताना ती प्रत्येक येळवशीला आत्याच्या हातात साडी द्यायची, जेवू घालायची, गाडीपर्यंत पोचवायची. ओटी नाही. आईनंतर आम्हीही नाही. आत्याने कधी विचारलं नाही आणि कुणाच्या मनात आलं नाही.

बाईंनी तिच्या कपाळाकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. तरी म्हणाल्या, "आमच्याकडे असलं काही नसतं. नणंद सासरी निघालीय, मी रिकामी कशी पाठवू? नारळ नाहीये घरात, हे चालेल ना?"

 आत्याचे हात पदराशी गेले, पण तिला पदर सापडेना. दादाने पुढे होऊन तिच्या पदराचं टोक तिच्या हातात दिलं. बाईंनी ओंजळीने तांदूळ घातले, वर ते फळ ठेवलं, ओढणी ठेवली, आणि वाकून पाया पडल्या.

परतीच्या वाटेवर आत्या मागच्या सीटवर ओटी दोन्ही हातांनी धरून बसली होती. मी म्हटलं, पिशवीत ठेवते, दे. तिने दिली नाही. घाटाखाली आल्यावर तिने ते फळ उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "ह्ये सोलून खायाचं, का चिरून?"

"चिरून," मी म्हटलं.

मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "पुढल्या येळवशीला तू बी ये. सोलापुरात एकटी काय करतीस? माजा भाऊ काय म्हणणार न्हाय. मी सांगते त्येला."

मी जमीन विकली तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. चुकीचं काही केलं असं आजही वाटत नाही. पण आत्याचं ते ऐकलं आणि मला एकदम रडू फुटलं, दादाच्या देखत. गाडी कडेला घ्यावी लागली. तिथे बाभळीला पाटी होती, घर विकणे आहे. आत्या मागून म्हणाली, "रडतीस कशाला? ये म्हणलं की."